खुलासा : २००६च्या निकालाने इराक युद्ध थांबलं नव्हतं

‘२००६मध्ये अमेरिकी मतदारांनी युद्धविरोधी डेमोक्रॅटिक पक्षाला काँग्रेसमध्ये बहुमत दिलं आणि इराक युद्ध थांबलं,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

मुळात हा पक्ष सरसकट युद्धविरोधी नव्हता. ऑक्टोबर २००२मध्ये रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांना युद्धाचा अधिकार देणारा ठराव सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झाला, तेव्हा ५० पैकी २९ डेमोक्रॅट सिनेटर बाजूने होते. हिलरी क्लिंटन, जॉन केरी, जो बायडन त्यांतलेच. प्रतिनिधिगृहात मात्र पक्षाच्या १२६ सदस्यांनी विरोध केला, हेही सांगायलाच हवं.

२००६मध्ये मतदारांचा युद्धाबद्दलचा राग एकट्या रिपब्लिकनांवर नव्हता. कनेटिकट राज्यात युद्धसमर्थक डेमोक्रॅट सिनेटर जो लिबरमन यांना त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी ऑगस्टमध्ये उमेदवारी नाकारली; नोव्हेंबरमध्ये ते स्वतंत्रपणे लढून जिंकले.

निकालानंतर दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा राजीनामा जाहीर झाला, हे खरं. पण जानेवारी २००७मध्ये बुश यांनी आणखी २०,००० हून जास्त सैनिक पाठवायचं ठरवलं. माघारीची मुदत घालणारं विधेयक त्यांनी १ मे रोजी नकाराधिकार वापरून फेटाळलं, आणि त्याच महिन्यात डेमोक्रॅट बहुमताच्या काँग्रेसने मुदतीची अट सोडून युद्धखर्च मंजूर केला. युद्ध थांबावं म्हणून मत देणाऱ्यांच्या तोंडाला ही सरळसरळ पानं पुसली गेली. सैन्य परतलं ते डिसेंबर २०११मध्ये.