व्हिसा कुणाच्या नावावर आहे?

आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत काय काय विचारतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आंब्याची कलमं किती, घर सामाईक की वेगळं, मुंबईत जागा आहे का, धाकट्या दिराचं शिक्षण कुठवर आलं. मुलगा 'बाहेर' असला की मात्र चौकशी एकदम थांबते. 'अमेरिकेत आहे' एवढ्यावर भागतं. कोणत्या व्हिसावर आहे, तो कधी संपतो, मुलगी गेली तर तिला तिथे काम करता येईल का, हे विचारणारा बाप मला क्वचितच भेटलाय. माझ्या मते हा प्रश्न पगाराच्याही आधी यायला हवा.

आधीच सांगते, मी इमिग्रेशनची वकील नाही. रत्नागिरीत प्रॅक्टिस करते. प्रतिज्ञापत्रं, नावातले बदल, विवाह नोंदणी, वारस दाखले हे रोजचं काम. पण परदेशी निघालेली जोडपी कधी ना कधी माझ्या टेबलाशी येतातच, कारण मुलीचं नाव पासपोर्टवर एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं आणि ग्रामपंचायतीच्या विवाह दाखल्यावर तिसरंच असतं. कागद टाइप होईपर्यंत बसतात, बोलतात. त्यातून काही मतं बनलीत, ती लिहिते आहे. तुमच्या केसचा निर्णय तुमच्या तिथल्या वकिलाला विचारूनच घ्या.

सध्या हा विषय आमच्या घरातच आलाय. भाची पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिचं ज्याच्याशी जमलंय तो जन्माने अमेरिकन नागरिक, आजोळ आमच्याच जिल्ह्यातल्या देवरुखचं. यंदा पावसाळाभर तो आजोळी येऊन राहिलाय, तिथून लॅपटॉपवर काम करतो. ऐन मीटिंगमध्ये लाइट जाते तेव्हा त्याचं मराठी एकदम अस्सल होतं! तर भाचीचं म्हणणं, "मावशी, मी नवऱ्याच्या जिवावर नाही जाणार. माझ्या शिक्षणावर एच-वन मिळवीन आणि जाईन." तिच्या आईचं उलट टोक. लग्न केलं की कायम राहण्याचं ग्रीन कार्ड आपोआप येतं, मग नोकरीची यातायात कशाला?

दोघींचंही मला अर्धंच पटतं.

भाचीचा स्वाभिमान मला कळतो. पण हा एच-वन, म्हणजे कंपनीने अर्ज करून मिळवायचा नोकरीचा एच-वन-बी व्हिसा, गुणवत्तेवर मिळतो हा समज काढून टाका. वर्षाला ६५ हजार जागा, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार, आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट. म्हणून मार्चमध्ये सोडत निघते. त्यातून नंबर लागला तर नोकरी ऑक्टोबरपासून. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने देशाबाहेरच्या उमेदवारासाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा बोजा टाकला. पुण्यात बसलेल्या मुलीसाठी एवढे पैसे कोणती कंपनी भरेल? समजा भरले, तरी व्हिसा तीन वर्षांचा, पुढे वाढवून सहा. मध्येच नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर सामान बांधा.

याउलट अमेरिकन नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला वार्षिक कोट्याची मर्यादाच नाही. रांग नाही, सोडत नाही. फॉर्म भरायचा, छाननी व्हायची, मुंबईच्या वकिलातीत मुलाखत द्यायची. वर्षापेक्षा जास्त वेळ जातो, पण शेवट दिसत असतो. मुलगी विमानातून उतरते ती कायम रहिवासी म्हणून. कुणाकडेही नोकरी करायला मोकळी, नोकरी सोडायलाही मोकळी. नवऱ्यासोबत संसार चालू असेल तर तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, एरवी पाच वर्षं थांबावं लागतं. आपल्या नवऱ्याजवळ राहण्याचा हक्क कायद्याने दिलाय, तो वापरण्यात कसला आलाय कमीपणा? कमीपणा पैसे घेऊन खोटं लग्न लावण्यात आहे. त्याला तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तो शिक्का बसला की पुढे कुणीही अर्ज केला तरी कायमचा नकार.

शिवाय भाचीला वाटतं तसं एक सोडून दुसरं धरावं असंही नाही. एच-वन-बी हा असा व्हिसा आहे की कायम राहण्याचा अर्ज चालू असला तरी त्याला बाध येत नाही. कंपनीने नाव सोडतीत घातलं तर घालू दे, लग्नाचा अर्जही चालू राहू दे. अडचण येते ती टूरिस्ट व्हिसाला. एकदा नवऱ्याने अर्ज दाखल केला की 'जरा भेटून येते' म्हणणाऱ्या बायकोवर अधिकारी सहजी विश्वास ठेवत नाहीत. आणि टूरिस्ट म्हणून जायचं, तिथेच लग्न करायचं आणि राहून जायचं असा बेत मनात ठेवून विमानात बसणं ही अधिकाऱ्याशी केलेली लबाडी ठरते. हा सल्ला देणारे मामा-काका प्रत्येक घरात एक तरी असतात.

आता बहिणीचं 'आपोआप'. लग्नाला दोन वर्षं पूर्ण होण्याआधी तिथे पाऊल ठेवलं तर मिळणारं कार्ड दोनच वर्षांचं असतं, अटीचं. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करायचा, संसार खरा आहे हे दाखवायचं. एकत्र बँक खातं, भाडेकरार, विमा असे कागद लागतात. आमच्याकडची जोडपी मुलाखतीला पाचशे फोटोंचा अल्बम नेतात आणि दोघांच्या नावावर एक साधं खातं नसतं. ड्रोनवरून काढलेल्या वरातीने वकिलातीचं समाधान होत नाही हो. लग्न मोडलं किंवा घरात मारहाण होत असेल तर बायको एकटीनेही तो अर्ज करू शकते, हे मात्र प्रत्येक मुलीला निघण्याआधी माहीत असायला हवं. नवऱ्याला सही करावी लागते ती आर्थिक हमीचीही: उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी हवं. ती हमी घटस्फोटानेही सुटत नाही. मुलाकडच्यांना हे सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात.

पण अमेरिकन नागरिक नवरा आमच्याकडे किती जणींना? बहुतेक स्थळं एच-वनवाल्यांची. आणि तिथे माझं मत बरोब्बर उलटं आहे.

एच-वनवाल्याशी लग्न करून मुलगी जाते ती एच-फोरवर, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर. घरात राहा, हवं तर शिका, कमवायचं नाही. तिथला सोशल सिक्युरिटी नंबरही नाही. काम करायची परवानगी २०१५ पासून मिळते, पण कोणाला? नवऱ्याचा ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० नावाचा अर्ज मंजूर झाला असेल किंवा त्या प्रक्रियेमुळे त्याला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली असेल तरच. त्या परवानगीचं नूतनीकरण रखडलं तर पूर्वी ती आपोआप वाढायची. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून नव्या अर्जांना तीही सोय बंद झाली, म्हणजे कागद उशिरा आला की चालू नोकरी थांबली. नवऱ्याची नोकरी गेली की तिचे साठ दिवस सुरू. घटस्फोट झाला की तिचा तिथला मुक्कामच बेकायदा.

माझ्या पाहण्यातली एक मुलगी बी.फार्म., इथे चांगली नोकरी. लग्न होऊन गेली आणि वर्षानुवर्षं तिचं मोठं काम म्हणजे देशी दुकानातलं सामान भरणं. सासू म्हणते, "आमची नाही का आयुष्यं गेली?" खरंच गेली. नवरा गिरणगावात खोलीत दहाजणांबरोबर, बायको गावाला लावणी-कापणीत, भेट गणपतीला आणि शिमग्याला, मधल्या काळात मनीऑर्डर. पुढे आखात आलं. खेड-दापोली-मंडणगडची घरं त्या पैशांवर उभी राहिली आणि बायका तेव्हाही बऱ्याचदा इथेच राहिल्या, कारण फॅमिली व्हिसा पगार बघून मिळतो. वेगळं राहणं आमच्या अंगवळणी पडलंय, म्हणून आम्ही प्रश्न विचारत नाही. पण त्या सासूच्या हातात निदान शेत होतं, गोठा होता, भावकीत तिच्या शब्दाला किंमत होती. एच-फोरवरच्या मुलीकडे तिथे तिचं म्हणावं असं काय असतं?

म्हणून बैठकीत सरळ विचारा, 'आय-१४० मंजूर झालाय का?' झाला असेल तर ती गेल्यावर परवानगीचा अर्ज करू शकते. झाला नसेल तर मुलीने इथली नोकरी लगेच सोडू नये. थोडं थांबावं, किंवा तिथे शिकायला जायचं ठरवून जावं. कंपनीतून बदली मिळत असेल तर तीही बघावी. दोघांनी वेगवेगळ्या देशांत वर्षभर काढणं मला कमी वाईट वाटतं.

यात एक उलटा घोळही होतो. 'ग्रीन कार्ड येऊ दे, मग लग्न करू,' असं पोक्तपणे म्हणणारी घरं आहेत. भारतात जन्मलेल्यांची नोकरीवाली रांग इतकी लांब की २०२५ मध्ये जेमतेम २०१३ च्या अर्जांना हात लागत होता. पण समजा नशिबाने आलं. कार्ड येण्याआधी लग्न झालेलं असेल तर बायकोला त्याच अर्जात जागा असते. कार्ड आल्यावर लग्न केलं तर तिला वेगळ्या रांगेत नव्याने उभं राहावं लागतं. आणि नवरा आता एच-वनवर नसल्याने एच-फोरही नाही! लग्न ठरलेलं असेल तर ते कार्डाआधी झालेलं बरं.

आणि हे कोकणातल्या घरांसाठी खास. ती रांग नागरिकत्वावर चालत नाही, जन्म कुठे झाला त्यावर चालते, आणि नवऱ्याला बायकोच्या जन्मदेशाचा फायदा घेता येतो. आपल्याकडे किती मुलींचा जन्म कुवेतचा, मस्कतचा, बहारीनचा! बाप तिथे होता, मुलगी चार-पाच वर्षांची झाल्यावर गावी आली. अशा मुलीशी लग्न झालेल्या रत्नागिरीतल्या मुलाला भारताची रांग सोडून तिच्या जन्मदेशाच्या रांगेत जाता येतं, आणि तिथे सहसा भारताइतकी गर्दी नसते. तिकडचा जन्मदाखला ट्रंकेत कुठे पडलाय तो शोधून ठेवा. स्थळ बघताना 'मुलगी आखातात जन्मलेली' हे कुणी सांगतही नाही, आणि खरं तर तिच्या बाजूने बोलण्यासारखी ती मोठी गोष्ट आहे.

ब्रिटनचं गणित वेगळं. तिथे स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला काम करता येतं, त्यामुळे अवलंबून जाण्यात एवढा तोटा नाही. ब्रिटिश नागरिकाशी लग्न करून जायचं तर त्याची कमाई, एप्रिल २०२४ पासून, वर्षाला २९ हजार पौंड हवी. केअर वर्करच्या, म्हणजे म्हाताऱ्या-आजाऱ्यांची देखभाल करण्याच्या नोकरीवर मार्च २०२४ पासून नवऱ्याला-मुलांना नेता येत नाही, आणि २०२५ च्या जुलैपासून त्या कामासाठी बाहेरून नवी भरतीच बंद आहे. तरी त्याचे पैसे मागणारा एजंट दारात आला तर चहा पाजा आणि परत पाठवा. जर्मनीत जोडीदाराला साधारणपणे ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची जर्मन भाषा लागते; ब्लू कार्डवाल्याच्या (उच्चशिक्षितांसाठीच्या नोकरीच्या परवान्यावर असलेल्याच्या) जोडीदाराला ती अट नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, जिच्यावरून मी रोज भांडते. 'मॅडम, लग्न डिसेंबरात आहे, पण व्हिसासाठी सर्टिफिकेट आत्ता काढून द्या.' भटजींची सही, तीन साक्षीदार, हारातला एक फोटो, झालं. असं करू नका. हिंदू विवाह कायद्यात लग्न विधींनी होतं, नोंदणी हा फक्त त्याचा पुरावा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये, न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने, हे स्पष्ट सांगितलंय. विधी झालेच नसतील तर नुसत्या दाखल्याने कुणी नवरा-बायको होत नाही. परदेशी जायची घाई म्हणून आईबाप आधी नोंदणी करून घेतात, याचा उल्लेखही त्या निकालात आहे. म्हणजे ज्या कागदावर व्हिसा मिळवला तोच पोकळ. उलट टोकाला अमेरिकेचा मंगेतराचा के-वन व्हिसा. तो अविवाहितांसाठी आहे, तिथे उतरल्यावर नव्वद दिवसांत लग्न करायचं. आमचे लोक त्याचा अर्ज करतात आणि 'आजी थकलीय' म्हणून इथे सप्तपदीही उरकतात, हॉलभर लोकांसमोर. मग अधिकारी फोटो बघून विचारतो, लग्न तर झालेलं दिसतंय?

भाचीला म्हणून मी १९५४ चा विशेष विवाह कायदा सुचवला. नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या करायच्या. लग्न त्या दिवशी खरोखर लागतं, त्यासाठी मंडपाची गरज नाही. दोघांपैकी एकजण तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असला की पुरे. मुलाकडून अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र घेतलं, आणि नोटीस श्रावणात दिली. मंडप, वाजंत्री, जेवणावळी काय ते नंतर तुमच्या सवडीने.

भाची तयार झाली, पण एका अटीवर: कंपनीने नाव सोडतीत घातलं तर तीही नको म्हणणार नाही. मी म्हटलं, घाल ना. बहिणीची हरकत वेगळीच निघाली. तीस दिवस मोजले तर तारीख येते नेमकी पितृपंधरवड्यात. "पक्षात लेकीचं लग्न लावायचं का गं?" म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नोटीस तीन महिने चालते, दसऱ्याला सह्या करा म्हटल्यावर आता पाहुण्यांची यादी करायला बसली आहे. रजिस्टर लग्नालाही तिला साठ माणसं हवीत.