क्रँकसेट घरी बसवताना : त्या व्हायरल संदेशाला मुद्देसूद उत्तर

पावसाळा ओसरला आणि त्र्यंबक रोडवर, दिंडोरी रोडवर पहाटे सायकली दिसू लागल्या, की नाशिकच्या सायकल ग्रुपांवर एक संदेश पुन्हा फिरायला लागतो. ‘रोड बाइकचा क्रँकसेट घरीच बसवा, पैसे वाचवा.’ क्रँकसेट म्हणजे पेडल लागतात ते दोन दांडे (क्रँक), त्यांना जोडणारा मधला दांडा (स्पिंडल) आणि चेन फिरवणाऱ्या पुढच्या दातेरी चकत्या (चेनरिंग). संदेशात खाली सूचना अशा : एक ॲलन की (षटकोनी पाना) पुरते, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) हे दुकानदारांचं खूळ. जितकं घट्ट तितकं सुरक्षित. ग्रीस लावू नका, क्रँक निसटतो. सगळे आटे उजवीकडे फिरवून आवळायचे. आवाज आला की बीबी, म्हणजे बॉटम ब्रॅकेट (स्पिंडल ज्यात फिरतो तो फ्रेममधला बेअरिंगचा भाग), बदलून टाका. मळला की प्रेशरने धुवा. आणि एकदा बसवला की पाच वर्षं बघायचं काम नाही.

मथळा बरोबर आहे. क्रँकसेट घरी बसवता येतो आणि प्रत्येकाने एकदा तरी स्वतः बसवावाच. ज्या शहरातल्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आरपार ओलांडायची सायकल शर्यत पूर्ण केली, त्या नाशिकमध्ये लोकांनी आपली सायकल स्वतः उघडावी, याचा मला आनंदच आहे. पण मथळ्याखालच्या जवळजवळ प्रत्येक ओळीने कुणाची तरी सायकल बिघडणार आहे, आणि एखाद्याला घाट उतरताना इजाही होऊ शकते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जितकं घट्ट तितकं सुरक्षित.’ सगळ्यात घातक ओळ हीच. आपल्याकडे बहुतेक रोड बाइकवर शिमानो कंपनीचा हॉलोटेक टू पद्धतीचा क्रँकसेट असतो. त्यात २४ मिलिमीटरचा पोकळ स्पिंडल उजव्या क्रँकला कायमचा जोडलेला असतो. तो बीबीतून आरपार ढकलायचा आणि डावीकडे बाहेर आलेल्या खाचांवर डावा क्रँक चढवायचा. यानंतर दोन वेगळी कामं असतात आणि संदेश लिहिणाऱ्याने ती एकच समजली आहेत.

पहिलं काम प्लास्टिकच्या टोपणाचं. ते क्रँकला धरून ठेवत नाही, फक्त बेअरिंगमधला प्ले, म्हणजे मोकळेपणा, काढतं. कंपनीने दिलेलं माप आहे ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं एकक), म्हणजे टोपण फिरवायच्या छोट्या चाकीवर नुसत्या बोटांचा जोर. इथे दात-ओठ खाऊन आवळलं की बेअरिंग दोन्ही बाजूंनी दाबली जातात, क्रँक जड फिरतो आणि बीबी लवकर संपते.

दुसरं काम डाव्या क्रँकवरच्या दोन पिंच बोल्टांचं. क्रँक स्पिंडलला घट्ट धरून ठेवतात ते हेच. माप १२ ते १४ न्यूटन-मीटर. दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर हा साधारण तेरा किलोचा दाब होतो. पान्याला पाइप लावून लटकण्याची जागा ही नव्हे, आणि ‘लागला वाटतं’ म्हणून सोडून देण्याचीही नव्हे. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळायचं नाही. आळीपाळीने थोडं थोडं, दोन्ही मापावर स्थिर होईपर्यंत.

क्रम असा : आधी टोपण, मग दोन बोल्टांमधली छोटी सुरक्षा पट्टी खाली दाबून तिची पिन स्पिंडलच्या भोकात बसली याची खात्री, मग बोल्ट. बोल्ट आधी आवळले तर टोपण कितीही फिरवा, डावा क्रँक जागचा हलत नाही आणि प्ले तसाच राहतो. शेवटी चेन उतरवून क्रँक फिरवा. तो सहज फिरायला हवा, आणि दोन्ही क्रँक धरून आडवे हलवले तर टकटक जाणवता कामा नये. पहिल्या लांब राइडनंतर बोल्ट पुन्हा मापावर तपासा.

बोल्ट सैल राहिले तर काय होतं, ते गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाने माझ्याकडे आणलेल्या डाव्या क्रँकमध्ये स्वच्छ दिसत होतं. आतल्या खाचांच्या कडा गोल झालेल्या, तळाशी ग्रीसमध्ये कालवलेली करडी पूड. स्पिंडल स्टीलचा, क्रँक ॲल्युमिनियमचा. सैल क्रँक प्रत्येक पेडलला किंचित मागेपुढे होतो आणि मऊ धातू झिजत जातो. असा क्रँक पुन्हा कितीही आवळला तरी धरत नाही, फेकावाच लागतो. कसारा घाट उतरताना उजव्या वळणावर आपलं सगळं वजन डाव्या पायावर असतं, हे लक्षात घ्या. एवढ्यासाठी टॉर्क रेंच घ्यायचा. एकट्याला परवडत नसेल तर सोसायटीतल्या चौघांनी मिळून एक घ्या.

‘ग्रीस लावलं की निसटतं.’ क्रँकला धरून ठेवतो तो बोल्टांचा दाब आणि खाचांची पकड, कोरडेपणा नव्हे. हॉलोटेकच्या स्पिंडलवर आणि बीबीच्या आट्यांवर ग्रीस लावा, असं खुद्द कंपनी सांगते. बीबीचे कप (दोन्ही बाजूंनी फ्रेममध्ये फिरवून बसवायचे तिचे भाग) कोरडेच बसवले, त्यावर दोन पावसाळे गेले, की ॲल्युमिनियम आणि स्टील पाण्याच्या संगतीने एकमेकांना धरून बसतात. मग कप काढताना आटे गेलेच म्हणून समजा, आणि ते आटे फ्रेमचे असतात. जुन्या चौकोनी स्पिंडलच्या क्रँकबाबत मात्र कंपन्यांची मतं वेगवेगळी आहेत. तिथे त्या क्रँकच्या माहितीपत्रकात असेल तसं करा.

‘सगळं उजवीकडे आवळायचं.’ साफ चूक. इंग्लिश आट्यांच्या बीबीत, ज्यावर १.३७ × २४ असं कोरलेलं असतं, उजव्या कपाचे आटे उलटे असतात. ३६ × २४ लिहिलेलं असेल तर ती इटालियन, तिचे दोन्ही कप सुलटे. डावं पेडलही उलट्या आट्यांचं. पाठ करायचं तर एवढंच : पाना वर उभा धरायचा, पेडल आवळताना तो पुढच्या चाकाकडे जातो आणि इंग्लिश बीबीचा कप आवळताना मागच्या चाकाकडे, बाजू कुठलीही असो. दाबून बसवायच्या प्रेसफिट बीबीला आटे नसतातच. तिला योग्य प्रेस लागतो. ते काम दुकानात द्या, त्यात कमीपणा नाही.

‘आवाज आला की बीबी बदला.’ अंजनेरीच्या चढाला कटकट सुरू झाली की संशय आधी बीबीवर जातो, कारण आवाज खालून येतो. पण फ्रेमच्या नळ्या पोकळ असतात, आवाज कुठूनही कुठे पोहोचतो. बसून पेडल मारताना येतो आणि उभं राहिलं की थांबतो, तर आधी सीटपोस्ट आणि सीटचे बोल्ट बघा. प्रत्येक फेरीत एकाच पायाला येतो, तर पेडल काढा, आटे पुसा, ग्रीस लावून पुन्हा बसवा. बुटाचं क्लीट (तळाचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा), चेनरिंगचे बोल्ट, मागच्या चाकाचा स्क्यूअर (चाक फ्रेमला आवळणारी दांडी) हेही तपासा. बीबी यादीत शेवटी.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, विशेषतः सेकंडहँड सायकल घेणाऱ्यांना. शिमानोच्या महागड्या रोड क्रँकचे दोन भाग चिकटवून जोडलेले असतात, आणि काहींमध्ये ती जोडणी सुटत असल्याचं आढळल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने तपासणी जाहीर केली. जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेले अल्टेग्रा ६८०० आणि आर ८०००, ड्युरा-एस ९००० आणि आर ९१०० हे क्रँक त्यात येतात. त्यांच्याखालची शिमानोची १०५ ही मालिका त्यात येत नाही. क्रँकच्या आतल्या बाजूला निर्मितीचा दोन अक्षरी कोड असतो. असा क्रँक कटकटत असेल आणि तुम्ही नवी बीबी बसवून निर्धास्त झालात, तर मोडायला आलेल्या क्रँकवर वजन टाकत राहाल. तो आधी शिमानोच्या अधिकृत विक्रेत्याकडे तपासायला न्या.

‘प्रेशरने धुवा.’ बीबीचं रबरी सील धूळ आणि चाकाने उडवलेलं पाणी अडवतं. गाड्या धुण्याच्या पंपाची धार त्याच्यासाठी नाही, ती पाणी थेट बेअरिंगमध्ये नेते. द्राक्षबागांच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरने आणलेली काळी माती चिकटली असेल तर बादलीभर पाणी, ब्रश, थोडा साबण आणि शेवटी कोरडं फडकं.

‘पाच वर्षं बघायचं काम नाही.’ क्रँकसेटचं आयुष्य बरंचसं चेनवर ठरतं. लांबलेली चेन चेनरिंगचे दाते खात जाते. गेज नसेल तर स्टीलची पट्टी घ्या : एका पिनच्या मध्यापासून बारा पूर्ण जोड्या नव्या चेनवर बरोबर १२ इंच भरतात. ते माप एक इंचाच्या सोळाव्या भागाने वाढलं, म्हणजे सुमारे अर्धा टक्का, की ११ किंवा १२ स्पीडची (मागे तितक्या दातेरी चकत्या असलेल्या सायकलची) चेन बदला.