लॉगरला कुलूप कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

हवामान स्टेशनावरच्या प्रत्येक डेटा लॉगरला, म्हणजे सेन्सरचे आकडे आपोआप साठवणाऱ्या यंत्राला, स्टेशनचे नाव, ॲड्रेस (जाळ्यातला ओळख क्रमांक) आणि सुरक्षा कोड द्यावा, असे मी माझ्या लेखात म्हटले होते. त्यावर आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप दोन आहेत. डेटा लॉगर तापमान आणि पाऊस नोंदवतो, त्यात चोरण्यासारखे काही नाही, तेव्हा सुरक्षा कोड लावून देखभाल करणाऱ्याचीच अडवणूक होते, हा पहिला. सिरीयल नंबर असताना स्टेशनचे नाव आणि ॲड्रेस यांचा पसारा कशाला, हा दुसरा.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो. सिरीयल नंबर ही यंत्राची ओळख आहे. मोजमाप मात्र जागेचे असते. वीज पडून लॉगर जळाला आणि त्या जागी दुसरा बसवला की नंबर बदलतो, पण त्या ठिकाणच्या नोंदींची मालिका तीच राहायला हवी. उलट, दुरुस्त झालेला लॉगर दुसरीकडे बसवला तर एकाच नंबराखाली दोन जागांचे आकडे जमा होतात. कॅम्पबेल सायंटिफिक या कंपनीच्या लॉगरमधून टीओए५ या मजकूर-फाइलच्या स्वरूपात डेटा उतरवला, तर फाइलच्या पहिल्याच ओळीत स्टेशनचे नाव, मॉडेल, सिरीयल नंबर आणि प्रोग्रामचे नाव एकत्र येतात. अनेक वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला एवढाच पुरावा हाती लागतो, म्हणून स्टेशनचे नाव कोरे ठेवणे मला अक्षम्य वाटते.

ॲड्रेसबद्दलचा माझा आग्रह अनुभवातून आला आहे. याच लॉगरांचा पाकबस (त्यांची आपसांतल्या संपर्काची पद्धत) ॲड्रेस कारखान्यातून १ असा येतो आणि तो १ ते ४०९४ पर्यंत बदलता येतो. एकाच रेडिओ जाळ्यातल्या दोन स्टेशनांवर मी तो १ च राहू दिला होता. मातीचे तापमान दर तासाला चार-पाच अंशांनी खालीवर होताना दिसले, तेव्हा मी आधी सेन्सर बदलला, मग वायर तपासली. प्रत्यक्षात कधी एक लॉगर उत्तर देत होता, कधी दुसरा, आणि दोघांचे आकडे एकाच फाइलमध्ये जात होते. ते दिवस मला आजही वेगळे करता आलेले नाहीत.

आता कोडबद्दल. आकडे गुप्त नाहीत, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मला भीती वाचणाऱ्याची नाही, बदलणाऱ्याची आहे, आणि तो बहुधा चांगल्या हेतूनेच आलेला असतो. पर्जन्यमापकाची बादली एकदा कलंडली की ०.२ मिलिमीटर पाऊस धरायचा, असे प्रोग्राममध्ये लिहिलेले असते. काही पर्जन्यमापकांत हाच आकडा ०.२५४ असतो. कोणी तशा दुसऱ्या स्टेशनचा प्रोग्राम चुकून इथे चढवला, तर पाऊस २७ टक्क्यांनी जास्त नोंदला जाईल आणि कुठेही त्रुटीचा संदेश येणार नाही, कारण आलेला प्रत्येक आकडा पटण्यासारखाच असेल.

अडवणुकीचा मुद्दा मात्र बरोबर आहे, आणि माझ्या लेखात तो यायला हवा होता. या लॉगरमध्ये सुरक्षेच्या तीन पातळ्या असतात: पहिला कोड प्रोग्राम बदलण्यापासून रोखतो, दुसरा घड्याळ आणि प्रोग्राम वापरत असलेली मूल्ये बदलण्यापासून, आणि तिसरा डेटा उतरवून घेण्यापासूनही. कोड शून्य ठेवला की ती पातळी बंद राहते. म्हणून पहिले दोन कोड लावावेत आणि तिसरा शून्यच ठेवावा. म्हणजे डेटा नेणाऱ्याला कोणाला विचारावे लागत नाही. कोडची नोंद कार्यालयात दोघांकडे असावी, पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलेली नसावी.

मोडेमवरून इंटरनेटला जोडलेल्या लॉगरला एवढे पुरत नाही. कोड १ ते ६५,५३५ मधला असतो. सेकंदाला एक असे सगळे आकडे घालून पाहायला साधारण १८ तास लागतात. तिथे पाकबसचे एनक्रिप्शन (संदेश सांकेतिक करणे) चालू करावे आणि लॉगर व्हीपीएनच्या, म्हणजे खाजगी सुरक्षित जोडणीच्या, आड ठेवावा. मॉडबस (औद्योगिक यंत्रांमधली संपर्काची जुनी पद्धत) उघडा असेल तर जास्तच काळजी घ्यावी, कारण त्याच्या मूळ रचनेत पासवर्डची सोयच नाही.

आपल्याकडे दोन स्टेशने एकाच रेडिओवर आहेत, असे आपण लिहिले आहे. तेव्हा ॲड्रेस बदलण्याचे काम दुरून करू नये. बदल झाल्याक्षणी जुन्या ॲड्रेसवरचा संपर्क तुटतो. जागेवर जाऊन केबल लावून ॲड्रेस बदलावा, आणि निघण्यापूर्वी रेडिओवरून नव्या ॲड्रेसने एकदा डेटा उतरवून पाहावा.