सेलू स्टेशनातून दोन्हीकडं रेल्वे जाते

परवा रात्री गावाकडून एका मामाचा फोन आला, "पोरीला इंजिनिअरिंगच्या सीईटीत ९२ टक्के पडलेत, कुठं टाकावं सांग बरं." मी म्हणलं मामा ते टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहे, म्हणजे शंभरातल्या ९२ लेकरांच्या पुढं आहे ती. तर मामा थोडं थांबून म्हणले, "मग चांगलंय का वाईट?" आता काय बोलावं. चांगलंच आहे हो मामा. पण किती चांगलं, कुठल्या कॉलेजला चालतंय, फी किती पडंल, होस्टेल मिळंल का, हे सांगणारं त्यांच्या घरात कोणी नाही अन् गल्लीतबी नाही. नेट कॅफेवाला आहे. अन् एक सर आहेत जे कुठल्यातरी प्रायव्हेट कॉलेजसाठी पोरं गोळा करत फिरतात, ते दोनदा घरी येऊन चहा पिऊन गेलेत म्हणे.

मीबी असाच होतो म्हणून लिहायलो. पोस्ट लांबणारय, आधीच सांगतो.

२०१२ ला माझी बारावी झाली. दुष्काळाचं साल, ज्यांना आठवतंय त्यांना आठवतंय. वडील, आमचे अण्णा, परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या मोंढ्यात हमाल, माय दुसऱ्याच्या रानात रोजानं जायची, अन् घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कुठली कॉलेजं पाहिजेत त्याची क्रमानं यादी, भरायला कॅफेत गेलो, माझ्या मागं दहाबारा पोरं उभी, कॅफेवाला म्हणला, "बोल, कुठलं कुठलं टाकू?" मी पाच नावं सांगितली. पाच! अन् ती कुठून आली तर पेपरातल्या जाहिरातीतून, एक तर एसटीच्या मागं बॅनर लावलेलं वाचलं होतं. कॅफेवाला बिचारा म्हणलाबी, "औरंगाबादचं शासकीय टाकू का?" तर मी म्हणलं नको, तिथं आपल्याला कोण घेतंय. डोक्यात अजून एक होतं, की वरचं टाकलं अन् नाही लागलं तर खालचंबी हातातून जाईल. कोणी सांगितलं होतं असं? कोणीच नाही. घाबरलेल्या माणसाला असल्या गोष्टी कोणी सांगाव्या लागत नाहीत.

तर लागलं पुण्याजवळचं एक प्रायव्हेट कॉलेज. घरी पेढे वाटले, पुणं म्हणजे पुणं. आम्ही ओबीसी, म्हणजे अर्धी फी माफ, पण उरलेली अर्धी, त्यावर डेव्हलपमेंट फी, रूम, मेस, बस, पहिल्याच वर्षाला सगळं धरून लाखाच्या वर गेलं. अण्णांनी आडत्याकडून उचल घेतली. ती फिटायला किती पोती उचलावी लागतील ह्याचा हिशोब मी एकदा वहीत केला होता, मग ते पान फाडून टाकलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला गावी चाललो होतो. पुण्याहून औरंगाबाद बसनं अन् पुढं रेल्वे. डब्यात जिंतूरकडचा एक पोरगा भेटला, औरंगाबादच्या शासकीय इंजिनिअरिंगला. जालना सोडलं तेव्हा बोलणं निघालं, परतूर येईपर्यंत मला सगळं कळलं होतं. त्याची कॅटेगरी माझीच, सीईटीला मार्क माझ्यापेक्षा कमी, कॉलेजच्या होस्टेलला राहायचा अन् वर्षाची फी त्यानं सांगितली ती ऐकून मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. माझ्याच मार्कावर ती सीट लागत होती हो. मी फॉर्ममधे लिहिलीच नव्हती.

अन् गंमत बघा. सेलू स्टेशनात उभं राहिलं की एका बाजूला रेल्वे संभाजीनगरला जाते, तिथं स्टेशन रोडलाच शासकीय अभियांत्रिकी, १९६० चं. दुसऱ्या बाजूला नांदेड, तिथं विष्णुपुरीला श्री गुरु गोबिंदसिंगजी इंजिनिअरिंग कॉलेज, १९८१ चं. एकाच रुळाच्या दोन बाजूंना दोन चांगली कॉलेजं अन् मी दोन्ही सोडून पुण्याला गेलो, कर्ज काढून. 

लोकं म्हणतात गरिबाच्या लेकराला पैशाची अडचण असते. असतेच, ती कुठं नाही म्हणायलो. पण माझं म्हणणं असंय की पैशाच्या आधी त्याला भीती आडवी येते, ते लेकरू फॉर्म भरतानाच स्वतःला कापून घेतं. कॉलेजनं नाही म्हणायच्या आधी आपणच म्हणून मोकळं होतो. अन् ज्या घरात काका-मामा इंजिनिअर आहेत तिथलं ८५ वालं पोरगंबी शंभर ऑप्शन टाकतं, बिनधास्त. हुशारीत फरक नाहीये काही, त्याला विचारायला माणूस आहे एवढंच.

म्हणून पहिले हे डोक्यातून काढा की वरचं टाकल्यानं खालचं जातं. जात नाही. तुमच्या मेरिटवर यादी वरून खाली बघतात, पहिलं जिथं बसतंय ते देतात. चाळीसावं कॉलेज तुम्हाला लागणारच असेल तर त्याच्या वर एकोणचाळीस स्वप्नं लिहिली तरी ते लागतंच. ऑप्शन ३०० पर्यंत टाकता येतात, त्याचे काही जास्तीचे पैसे नाहीत. फक्त क्रम मात्र मनापासूनचा लावा, कारण २०२५ ला नियम असा होता की पहिल्या राउंडला एक नंबरचं लागलं तर घ्यावंच लागतं, दुसऱ्याला पहिल्या तिनातलं, तिसऱ्याला पहिल्या सहातलं. घेतलं नाही तर पुढच्या राउंडमधून बाहेर. तेव्हा जिथं जायचंच नाही ते शोभेला वर टाकू नका. अन् नियम दरसाली थोडेफार हलतात, माहितीपुस्तिका वाचा, कंटाळवाणी असते पण वाचा.

दुसरं, होम युनिव्हर्सिटी. हे आपल्याकडं निम्म्या पालकांना माहीतच नसतं. बारावी कुठल्या जिल्ह्यातून दिली त्यावर हे ठरतं, राहता कुठं त्यावर नाही. परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव म्हणजे बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा. आपापल्या भागातल्या बहुतेक कॉलेजात ७० टक्के वाटा आपला असतो. आता बीडचं लेकरू अकरावी-बारावीला लातूरला गेलं, लातूर पॅटर्नच्या नादात, तर त्याचं होम बदललं. वाईट असं नाही, पण माहीत तरी पाहिजे ना राव.

फीचं सांगतो, कारण फसवणूक सगळी इथंच होते. कॉलेजवाले सांगताना एक आकडा सांगतात. त्यात ट्यूशन फी वेगळी, डेव्हलपमेंट वेगळी. सरकारची माफी ट्यूशनवर असते. प्रत्येक प्रायव्हेट कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर टाकलेली असते, ती बघायची अन् मगच बोलायचं. २०२४ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस अन् एसईबीसीच्या पोरींना, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर, ट्यूशन अन् परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीतून गेली तरच! मॅनेजमेंट कोट्यातून गेली की एक रुपया नाही. अन् ते चहा पिऊन गेलेले सर नेमकं तेच करायलेत, "राउंडची कटकट कशाला, आपण डायरेक्ट सीट पक्की करू". पक्की होते, कर्जासगट पक्की होते.

पोरं-पोरी दोघांसाठी टीएफडब्ल्यूएस म्हणून एक भानगड आहे. बहुतेक कॉलेजात ५ टक्के जास्तीच्या सीटा, ट्यूशन फी माफ, उत्पन्न तेच ८ लाखाच्या आत, जात कुठलीबी असो. ऑप्शन फॉर्ममधे तिचा कोड वेगळा असतो, शेवटी टी लागतो. तो वेगळा टाकावा लागतो, आपोआप मिळत नाही. कटऑफ वर जातो हे खरं, पण टाकायला काय जातंय. माझ्या वेळेलाबी ही स्कीम होती. मला चार वर्ष टी म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

पण खरा प्रश्न ह्याच्याबी पुढचा आहे अन् तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. स्कॉलरशिप येते, पण येते कधी? महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलवर फॉर्म भरायचा, कॉलेजच्या क्लार्कनं पुढं ढकलायचा, मग मंजूर व्हायचा, मग आधारला जोडलेल्या खात्यात पडायचा, तोवर वर्ष संपून जातं. मधल्या दिवसात कॉलेज कसं वागतं त्यावर गरिबाच्या लेकराचं शिक्षण टिकतं का मोडतं ते ठरतं. आमच्याकडं तिसऱ्या वर्षाला हॉल तिकीट अडवलं होतं. "आधी भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ." पेपरच्या आदल्या दिवशी मी रूमवरच्या चौघांकडून पैसे गोळा केले, अण्णांना सांगितलंच नाही. त्यांना अजूनबी माहीत नाही, ते फेसबुकवर नाहीत म्हणून लिहितोय.

म्हणून मी आता लेकरांना सांगतो, ॲडमिशनच्या आधी ऑफिसात विचारू नका, तिथं सगळं गोडच बोलतात. कॉलेजच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर थांबा, आपल्या जिल्ह्यातलं तिसऱ्या वर्षाचं पोरगं शोधा, सापडतंच, आपली भाषा लपत नाही. त्याला विचारा, स्कॉलरशिपवाल्याकडून आधी पूर्ण फी घेतात का? हॉल तिकीट अडवतात का? होस्टेलला पहिल्या वर्षी खरंच जागा मिळते का? मेस महिन्याला कितीला पडते? ह्या चार उत्तरात जेवढं कळतं तेवढं कुठल्या ग्रेडमधे नाही कळत.

प्लेसमेंटचं बॅनर बघून तर अजिबात जाऊ नका. चौकात फोटो लागतो, इतक्या लाखाचं पॅकेज. तो एक पोरगा असतो. बाकीच्यांचं काय? एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगला, माहिती देणाऱ्या कॉलेजांना किती पोरांना नोकरी लागली अन् मधल्या पोराचा पगार किती हे लिहून द्यावं लागतं. ते शोधा. मधला पोरगा म्हणजे आपण, बॅनरवरचा नाही.

राहण्याखाण्याचीबी सोय आहे, फक्त ती कोणी घरी आणून देत नाही. एससीसाठी स्वाधार, एसटीसाठी स्वयम, ओबीसी-व्हीजेएनटीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, शिवाय पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. आधार योजनेत गाव बघून वर्षाला ३८ ते ६० हजार मिळतात. जागा ठरलेल्या असतात, उशीर केला की गेलं. अन् जात पडताळणी अकरावीतच टाका, बारावीच्या निकालानंतर सगळा जिल्हा तिथं रांगेत असतो.

काहीजण म्हणतील, मग जवळचंच बघावं का? तसंबी नाही. आपल्या आज्या-पणज्याच्या काळात डिग्रीला हैदराबादला जावं लागायचं, उस्मानियात, अन् शिक्षण उर्दूतून. बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद अन् स्वामी रामानंद तीर्थांनी नांदेडला पीपल्स काढलं, दोन्ही १९५० चे, तेव्हा कुठं इथल्या लेकराला गावाजवळ कॉलेज दिसलं. म्हणजे जवळ असणं ही लहान गोष्ट नाही. पण आता "जवळचं" हा शब्द पोरीसाठीच वापरतात ना आपण. पोरगं नापास होत होत पुण्यात पेठेत चार वर्ष बसलं तरी चालतं, पोरीला मात्र संध्याकाळच्या एसटीनं घरी येता आलं पाहिजे. शासकीय कॉलेज दूर असलं तरी जवळच्या प्रायव्हेटपेक्षा स्वस्त पडतं, हे मी मामांना कागदावर मांडून दाखवलं. मामा बराच वेळ कागदाकडं बघत होते. मग म्हणले, "होस्टेलचं गेट कितीला बंद होतं?" फी सोडून तेच विचारलं. बरं वाटलं मला, म्हणजे पाठवायचा विचार चालू झाला होता.

हो, मी गेलो होतो काल गावी. फोनवर होत नसतं हे.

पोरीनं वहीच्या पानावर सहा नावं लिहून ठेवली होती. सगळी परभणी-जालन्याच्या आसपासची, जिथं बस जाते तिथली. मी विचारलं नांदेडचं का नाही लिहिलं? तर खाली बघून म्हणली, "तिथं आपल्याला कोण घेतंय, दादा."

बारा-चौदा वर्ष झाली, वाक्य तेच.

मग आम्ही दोघं बसलो रात्री अकरापर्यंत. मागच्या सालचे कटऑफ डाउनलोड केले, तिची कॅटेगरी, तिचं होम, एकेक ओळ तीच वाचायली, मी फक्त मोबाईल चार्जिंगला लावायचं काम केलं. नांदेड, संभाजीनगर, अवसरी, जळगाव, अमरावती, कराड. "कराड कुठं आलं?" मामांनी बाजेवरूनच विचारलं. सातारा जिल्ह्यात, मी म्हणलं. "लै लांब." मग जरा वेळानं, "राहू दे, लिही." एक नंबरला नांदेड सिव्हिल टाकलंय. लागंलच असं काही नाही, मी तिला तसं सांगितलंयबी. पण सहाचे त्रेचाळीस झालेत.

फॉर्म अजून लॉक व्हायचाय. ओटीपी मामाच्या मोबाईलवर येतो अन् मामा दिवसभर रानात, तिथं रेंज नाही. उद्या सकाळी दहापर्यंत घरीच थांबतो म्हणलेत.