इसार नक्की कुणाचा? लालबागच्या दुकानदारदादांना उत्तर

नमस्कार दादा,

गिऱ्हाइकाने माल नेला नाही म्हणून सगळा ॲडव्हान्स आपोआप दुकानाचा होत नाही, असं मी आधी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात: ‘माल बाजूला ठेवला की माझे पैसे अडकतात, जागा अडते. गिऱ्हाईक सहा महिने फिरकत नाही आणि वर इसार परत मागतं. पावतीवर स्पष्ट छापलेलं असतं. इसार बुडाला तर चूक त्याची. तुम्ही लोकांना फुकट भांडायला शिकवताय.’ लालबागला कपड्यांचं दुकान आहे, एवढंच तुमच्याबद्दल कळलं. तुमचा राग खरा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. मुंबईतल्या दीडशे फुटांच्या गाळ्यात एक फळी अडली की तेवढा धंदा गेला. गणपतीसाठी बाजूला ठेवलेला झब्बा विसर्जनानंतर त्या भावाला जात नाही. हे मी आधीच्या लिखाणात एका ओळीत उरकलं, ती माझी चूक झाली. आणि कायदा इथे तुमच्या बाजूचा आहे. 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 44 सांगतं की विक्रेत्याने ‘माल तयार आहे, घेऊन जा’ असं कळवूनही गिऱ्हाइकाने वाजवी मुदतीत माल उचलला नाही, तर होणारं नुकसान आणि माल सांभाळण्याचा वाजवी खर्च त्याच्याकडून घेता येतो. ते तुम्ही घ्याच. माझं म्हणणं एवढंच आहे की झालेल्या नुकसानाची भरपाई तुमची, पण म्हणून सगळा ॲडव्हान्स आपोआप तुमचा होत नाही.

मी हे कशावरून बोलते ते सांगते. मार्च 2020 मध्ये धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी आम्ही दादरच्या एका दुकानात शालू पसंत केला. किंमत 18,000, आईने रोख 6,000 भरले. सेल्समनने शालूची घडी घालून पिशवीवर आमचं नाव लिहिलं आणि पिशवी मागच्या कपाटात ठेवली. आठवड्याभरात लॉकडाऊन लागला, मे महिन्यातलं लग्न पुढे गेलं. दिवाळीच्या आधी आम्ही उरलेले 12,000 घेऊन गेलो, तर शालू नवरात्रात विकला गेला होता, तोही 19,500 ला. हे त्याच सेल्समनने सांगितलं. मालकांनी आमची गुलाबी पावती उलटी करून मागचा बारीक छापा दाखवला: ‘15 दिवसांत माल न नेल्यास ॲडव्हान्स परत मिळणार नाही.’ आई ती पावती दोन वेळा वाचून काही न बोलता जिना उतरली. मधल्या सात महिन्यांत पावतीवरच्या नंबरवर एकही फोन आला नव्हता.

आता याचा हिशेब मांडा. त्याच कायद्याच्या कलम 20 नुसार ठरावीक, तयार वस्तूचा बिनशर्त सौदा झाला की मालकी तिथेच गिऱ्हाइकाकडे जाते, पैसे किंवा ताबा नंतरचा असला तरी. म्हणजे पिशवीवर नाव पडलं तेव्हा शालू आमचा झाला होता आणि बाकी मिळेपर्यंत तो अडवून ठेवायचा हक्क दुकानाचा होता. तो दुसऱ्याला विकायचा तर कलम 54 प्रमाणे आधी आम्हाला कळवायला हवं होतं. कळवून विकला आणि तोटा आला, तर तोटा आमच्याकडून वसूल करता येतो. न कळवता विकला, तर तोटा मागता येत नाही आणि वर नफा झालाच तर तो गिऱ्हाइकाचा! शेवटचा भाग वाचून मी स्वतः थबकले होते. आम्ही तो नफा मागितला नाही. हे सगळं एका साध्या कागदावर लिहून दुकानात दिलं, पोच घेतली आणि बारा दिवसांनी 6,000 परत मिळाले.

‘पावतीवर छापलेलं असतं,’ हा तुमचा मुख्य मुद्दा. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 म्हणतं की करार मोडल्याबद्दल कितीही रक्कम लिहून ठेवा, मिळणार ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. सर्वोच्च न्यायालयात 1969 मध्ये मौला बक्ष यांच्या खटल्यात हाच प्रश्न आला. त्यांनी लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी, मासे पुरवायचे ठेके घेतले, एकावर 10,000 आणि दुसऱ्यावर 8,500 अनामत भरली. पुरवठा नीट झाला नाही, सरकारने अनामत जप्त केली. न्यायालय म्हणालं, बाजारातून बटाटे कोणत्या भावाने घ्यावे लागले ते दाखवणं सोपं होतं, ते दाखवलं नाही, तेव्हा रक्कम परत द्या. चूक पुरवणाऱ्याची होती, हे लक्षात घ्या. तरीही पैसे परत! 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालातही न्यायालयाने तेच धरलं: नुकसानच झालं नसेल तर भरपाई कसली?

तुम्ही म्हणाल, मग इसाराला अर्थ काय उरला? अर्थ आहे. मौला बक्षच्याच निकालात म्हटलंय की खरा इसार, म्हणजे सौदा पाळण्याची हमी म्हणून दिलेली रक्कम, वाजवी असेल आणि जप्त केली तर तो दंड होत नाही. 2012 मध्ये 70 लाखांच्या एका घराच्या व्यवहारात 7 लाखांचा इसार सर्वोच्च न्यायालयाने विकणाऱ्याला ठेवू दिला, कारण तो इसार म्हणूनच करारात स्पष्ट लिहिलेला होता. पण किमतीतला भाग म्हणून आगाऊ घेतलेले पैसे म्हणजे इसार नव्हे. 18,000 च्या शालूवर 6,000 हा माझ्या मते पहिला हप्ता झाला, आणि दुकानात त्याला आपण सगळे ‘ॲडव्हान्स’च म्हणतो.

मापाचा माल वेगळा, हेही मान्य करते. माझ्या मापाचा ब्लाउज दुसऱ्या कुणाच्या अंगाला बसणार? तिथे शिलाई पूर्ण बुडते, मग टेलरने ॲडव्हान्स ठेवला तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

लोकांना भांडायला शिकवते म्हणालात. नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारा करार 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ठरवला आहे. त्यासाठी राज्य ग्राहक आयोगाकडे जावं लागतं, जिल्हा आयोगाकडे नाही. सेवेतल्या त्रुटीची तक्रार मात्र जिल्हा आयोगाकडे चालते, 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. त्याआधी 1915 ही हेल्पलाइन आहे. 6,000 साठी कुणी हौसेने तिथवर जात नाही, दादा. गिरगाव-परळच्या चाळींत ती रक्कम भिशीतून उचललेली असते.

आणि तुमच्यासाठी एक सुचवते. पुढचं पावतीपुस्तक छापाल तेव्हा अटी मागे नको, पुढच्या बाजूला, रकमेच्या खाली मराठीत घ्या: ‘इसार रु. __. माल __ तारखेपर्यंत न्यावा. न नेल्यास फोन किंवा व्हॉट्सॲपवर कळवू, त्यानंतर 15 दिवसांनी माल दुसऱ्यास विकण्याचा हक्क दुकानाने राखून ठेवला आहे. झालेलं नुकसान वजा करून बाकी रक्कम परत मिळेल.’ खाली गिऱ्हाइकाची सही घ्या आणि मोबाइल नंबर त्याच्याच हाताने लिहून घ्या. मसुदा पाठवलात तर छापायच्या आधी मी वाचून देईन.