‘श्रीमंती रक्तात असते’ म्हणे! फ्लॉरेन्सच्या नावाने फिरणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: “फ्लॉरेन्समध्ये 600 वर्षांपूर्वी जी घराणी श्रीमंत होती तीच आजही आहेत, बँक ऑफ इटलीनेच सिद्ध केलंय. मेडिची, फुगर, व्हेनिसचे उमराव आजही पडद्यामागून युरोप चालवतात. श्रीमंती रक्तात असते, कष्टाने येत नाही.” तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. ती सीएची तयारी करतेय. तिने मला अगदी गंभीरपणे विचारलं, “मामा, मग एवढं राबायचं कशाला?” आता मात्र गप्प बसवत नाही.

आधी मेडिची, म्हणजे इटलीतल्या फ्लॉरेन्सचं सावकार आणि पुढे राज्यकर्तं झालेलं घराणं. त्यांची बँक 1494 मध्येच बुडाली. राज्य करणाऱ्या शाखेचा शेवटचा ग्रँड ड्यूक जान गास्तोने 1737 मध्ये निपुत्रिक वारला, त्याची बहीण आना मारिया लुईझा 1743 मध्ये. तिने 1737 च्या करारानेच घराण्याचा कलासंग्रह तस्कनी राज्याच्या (फ्लॉरेन्स त्याचीच राजधानी) नावे केला होता, यातलं काही फ्लॉरेन्सबाहेर न्यायचं नाही या अटीवर. मग पडद्यामागे बसलंय कोण?

व्हेनिसचं प्रजासत्ताकच 1797 मध्ये नेपोलियनपुढे संपलं. तोवर अनेक उमराव इतके कफल्लक झाले होते की सान बार्नाबा भागात राज्याच्या मदतीवर दिवस काढत. रक्ताच्या शुद्धतेचं म्हणाल, तर क्रीट बेटासाठी तुर्कांशी चाललेल्या युद्धाला पैसा हवा होता म्हणून 1646 पासून एक लाख डुकॅट (तिथली नाणी) मोजणाऱ्याला उमरावपद मिळू लागलं.

फुगर या जर्मन सावकार घराण्याबाबत थोडं मान्य करावं लागतं. पाचव्या चार्ल्सला पवित्र रोमन सम्राट म्हणून निवडून आणण्यासाठी 1519 मध्ये साडेआठ लाख फ्लोरिन (सोन्याची नाणी) लागले, त्यातले पाच लाखांहून जास्त याकोब फुगरचे. त्यांचे वंशज आजही आहेत. पण आज त्यांच्या ट्रस्टची ओळख आउग्सबुर्गमधली गरजूंची वसाहत ही आहे, वर्षाला 88 सेंट भाड्याची. युरोप चालवण्याशी तिचा काय संबंध?

आता तो अभ्यास, कारण सगळा मेसेज त्याच्याच जिवावर उभा आहे. बरोने आणि मोचेत्ती या बँक ऑफ इटलीच्या, म्हणजे इटलीच्या मध्यवर्ती बँकेच्या, अर्थतज्ज्ञांनी 2016 मध्ये तो मांडला. फ्लॉरेन्सची 1427 ची करनोंद आणि 2011 ची करविवरणं आडनावांवरून ताडून पाहिली. जुन्या श्रीमंत आडनावांचा ठसा आजही दिसतो, हे खरं आहे आणि ते धक्कादायकही आहे. पण किती दिसतो? 1427 मध्ये उत्पन्नात वरच्या टोकाला असलेल्या आणि तळाशी असलेल्या आडनावांमध्ये आजचा फरक सुमारे 5 टक्के. मालमत्तेत 10 टक्क्यांहून थोडा जास्त. त्या काळच्या दरीपुढे हे किती उरलं? हे आकडे मेसेजमधून नेमके गाळलेत.

आणि रक्त? त्या दोन करनोंदींत 584 वर्षांचं अंतर आहे, म्हणजे साधारण 20 पिढ्या. वीस पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाच्या वंशावळीत पूर्वजांच्या दहा लाखांहून जास्त जागा होतात. वडिलांकडून आलेलं आडनाव त्यातली एकच रेघ दाखवतं. उरलेल्या जागांवर कोण होतं, सावकार की हमाल, हे आडनावाला माहीत नसतं. शिवाय बरोने आणि मोचेत्ती यांनी कुणाचीही वंशावळ तपासलेली नाही. त्यांनी आडनावागणिक सरासरी काढली.