‘300 मीटर’ लिहिलंय म्हणून जुनं डायव्हर घड्याळ बिनधास्त घेऊ नका

सेकंडहॅन्ड रोलेक्स, ओमेगा किंवा ट्यूडरचं डायव्हर घड्याळ, म्हणजे पाण्यात खोल बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं घड्याळ, कुणी विकायला काढलं की फोटोंखाली एक मेसेज हमखास येऊन पडतो. नागपुरातल्या बऱ्याच ग्रुपांवर तो फिरतोय. मजकूर असा: ‘डायव्हर घड्याळ म्हणजे रणगाडा. 300 मीटर लिहिलंय म्हणजे आयुष्यभर पाणी शिरत नाही. बॅटरी नाही म्हणजे खर्च नाही. सेकंदकाटा न थांबता सरकला तर माल असली, खोका आणि कार्ड असेल तर प्रश्नच मिटला. पॉलिश करून चकाचक असेल तर उत्तमच. स्विस घड्याळाची किंमत कधी उतरत नाही. मिळेल तिथे उचला.’

मी सीताबर्डीवर घड्याळं दुरुस्त करतो. हा मेसेज वाचून खरेदी केलेली माणसं नंतर माझ्या टेबलासमोर येऊन बसतात, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सुरुवात 300 मीटरपासून, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. आकडा खोटा नाही. डायव्हर घड्याळांसाठी आयएसओ 6425 हा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. त्यात किमान 100 मीटर लागतात, आणि लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली प्रत्येक घड्याळ तपासावं लागतं. शेकड्यातलं एखादं काढून चालत नाही. बार हे दाब मोजायचं माप; दर 10 मीटरला साधारण 1 बार धरला तर 300 मीटरच्या घड्याळाला 37.5 बार सोसावे लागतात. पण ही परीक्षा कारखान्यात, घड्याळ कोरं असताना होते. पाणी अडवण्याचं काम नुसतं पोलाद करत नाही. ते काम मागचं झाकण, काच आणि वेळ लावायची बाजूची चावी यांच्या सांध्यांत बसवलेल्या रबरी रिंगा करतात. घामाने, साबणाने, उन्हाने आणि नुसत्या वयाने त्या चपट्या होतात, कडक होतात, चिरतात. कुकर तोच, झाकण तेच, पण रिंग कडक झाली की वाफ बाजूने निघते, हे घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि आपल्याकडचा उन्हाळा रबराला मुळीच मानवत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना घड्याळ बंद गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेलं असतं, संध्याकाळी तेच घालून पोहण्याच्या टँकमध्ये उडी मारली जाते. त्याच आयएसओ दर्जात एक साधी परीक्षा आहे. घड्याळ 40 ते 45 अंशांपर्यंत तापवायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा आणि मिनिटभराने पुसून बघायचं. काच आतून धुकटली तर आत ओल आहे. नागपूरच्या उन्हातून आलेलं घड्याळ तेवढं तापलेलंच असतं, त्यामुळे ही परीक्षा विकणाऱ्याच्या घरीही करता येते. थेंबाचं पाणी माठातलं चालतं.

याच उन्हाळ्यात एक तरुण असंच घेतलेलं घड्याळ घेऊन आला. ‘भाऊ, डायव्हर हाय ना हे, याले काय होते?’ वरून खरोखर देखणं होतं. बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरती कडी, टकटक आवाज करत बरोबर एकाच दिशेने फिरत होतं, वेळही नीट होती. झाकण उघडलं आणि रिंग चिमट्याने उचलली तर तिचे दोन तुकडे झाले. चावीच्या दांड्यावर तांबूस गंज, आणि तारखेच्या चकतीवर एका कडेला आकड्यांची शाई फुटलेली. टँकचं पाणी चावीच्या बाजूने आत गेलं होतं. घड्याळ चालू होतं म्हणून त्याला वाटलं सगळं ठीक आहे. पण वेळ बरोबर दाखवण्याचा आणि पाणी अडवण्याचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पाण्याचं उत्तर एकच आहे, दाबाची चाचणी. कोरड्या चाचणीत घड्याळ यंत्रात ठेवून हवेचा दाब देतात आणि केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची डबी, किती दबते ते मोजतात. पाण्याचा थेंबही लागत नाही, काही मिनिटांत निकाल येतो. ओल्या चाचणीत बंद नळकांड्यात घड्याळ आधी पाण्याच्या वर टांगून दाब चढवतात, मग पाण्यात सोडून दाब हळूहळू उतरवतात. कुठे फट असेल तर तिथून बुडबुड्यांची बारीक माळ वर चढते. ती दिसताक्षणी दाब उतरवणं थांबवून घड्याळ पाण्याबाहेर काढायचं असतं, नाहीतर पाणी आत ओढलं जातं. विकणाऱ्याला पैसे देण्याआधी यातली एक चाचणी करून घ्या.

उलट टोकाची एक अफवाही आहे, की पोहताना हात आपटला की दाब कित्येक पट वाढतो. तसं काही नसतं. हात सेकंदाला 10 मीटर वेगाने फिरवला, आणि एवढा वेग कुणाला पाण्यात जमत नाही, तरी वाढणारा दाब अर्धा बार, म्हणजे 5 मीटर खोलीएवढा. घड्याळ बुडवतात ती म्हातारी रबरं आणि आटे नीट न आवळलेली चावी.

बॅटरी नाही म्हणजे खर्च नाही, हा दुसरा गोड गैरसमज. ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या, मशीनमध्ये तेल असतं आणि ते सुकतं. सुकल्यावर घड्याळ लगेच बंद पडत नाही, हीच अडचण. ते चालत राहतं आणि आतली धातूची टोकं झिजत राहतात. ओमेगा 5 ते 8 वर्षांनी सर्व्हिसिंग सांगते, रोलेक्स साधारण 10 वर्षांनी. कंपनीकडे दिलंत तर बिल पाच आकडी येतं. टायमिंगच्या यंत्रावर घड्याळ ठेवलं की ते टकटक ऐकून बॅलन्सचा, म्हणजे आतल्या मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा, झोका किती अंशांचा आहे ते दाखवतं. पूर्ण चावी दिलेलं, आडवं ठेवलेलं निरोगी मशीन साधारण 270 ते 310 अंश झुलतं. आकडा 200 च्या आसपास दिसला तर समजा तेल संपलेलं आहे, मग वेळ कितीही बरोबर असो. घड्याळ रोज मिनिटा-मिनिटाने पुढे पळत असेल तर मात्र घाबरू नका. बहुतेक वेळा त्या चाकाच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, हेअरस्प्रिंगला, चुंबक लागलेला असतो, फोनच्या कव्हरचा किंवा स्पीकरचा, आणि तो काढायला क्षणभर पुरतो.

सरकणाऱ्या सेकंदकाट्याबद्दल फार बोलण्याची गरज नाही. आजची बरीच स्विस मशीनं तासाला 28,800 ठोके देतात, म्हणजे सेकंदाला 8, म्हणून काटा वाहतो आहे असं वाटतं. नकली घड्याळांतली बरीच चिनी मशीनंही तेवढेच ठोके देतात.

खोका आणि कार्ड यांचं वेगळं आहे. ते असणं चांगलंच, पण कागद घड्याळाचा नसतो, घड्याळ कागदाचं नसतं. दोन्ही वेगवेगळे विकत मिळतात आणि कार्डाची नक्कलही होते. कार्डावरचा नंबर केसवरच्या नंबराशी जुळवा, मग झाकण उघडून त्या मॉडेलमध्ये हवं तेच मशीन आहे का ते बघा. काही गोष्टी तर न उघडताच कळतात. रोलेक्स सबमरीनरला कंपनीने कधीही पारदर्शक पाठ दिलेली नाही, म्हणजे मागून मशीन दिसणारं सबमरीनर समोर आलं तर बोलणं तिथेच थांबवा. ओमेगाच्या सीमास्टर डायव्हर 300 मीटरच्या बहुतेक घड्याळांना मात्र 2018 पासून मागे काच आहे. म्हणून एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका, मॉडेल नीट वाचून जा.

पॉलिशबद्दलचं वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटतं. प्रत्येक पॉलिशमध्ये पोलाद जातं आणि ते परत येत नाही. पट्टा जिथे अडकतो ते चार पाय बघा. त्यांच्या कडा धारदार असतील, वरची बारीक रेघांची पोत आणि बाजूची चकाकी यांच्यामधली सीमा स्वच्छ असेल, तर केस मूळची आहे. कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील तर कुणीतरी ती मशीनवर घासली आहे. ओरखडे असलेली न घासलेली केस जाणकार जास्त पैसे देऊन घेतात. तसंच अंधारात न चमकणाऱ्या जुन्या डायलचं. 1990 च्या दशकापर्यंत अनेक घड्याळांत डायल अंधारात चमकावं म्हणून ट्रिशियम हा किरणोत्सारी पदार्थ वापरायचे आणि ते सुमारे 12.3 वर्षांत निम्मं होतं. 1970 च्या दशकातलं ट्रिशियमचं डायल आज लख्ख उजळत असेल, तर त्यावर नवा लेप चढवलेला आहे.

राहिली किंमत. सेकंडहॅन्ड बाजारातले भाव 2022 च्या सुरुवातीला शिगेला पोहोचले आणि मग उतरले. तेव्हा ‘चढतेच’ म्हणून घेतलेल्यांनी तोटा सोसला. ठरावीक थोडी मॉडेलं सोडली तर बाकीची घड्याळं शोरूमच्या भावापेक्षा कमीतच विकली जातात. त्यामुळे भाव करताना सर्व्हिसिंगचा खर्च आधी वजा करा. ‘गेल्या वर्षीच सर्व्हिस झाली’ असं कुणी म्हटलं तर बिल मागा. रिंगा बदलल्या का आणि किती बारला तपासलं, हे त्यावर लिहिलेलं हवं. ते नसेल तर सर्व्हिस झालेलीच नाही असं धरून आकडा सांगा.